गर्भपिशवी काढायची तारीख दिलीय, पण डॉक्टर बरोबर सांगतायत हे कसं ओळखायचं?

वाचकाचं पत्र (थोडक्यात): "मी ३७ वर्षांची आहे, पंढरपूर तालुक्यातल्या एका गावात राहते. दोन मुलं आहेत, कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं आहे. दीड वर्षापासून पाळीत अंगावरून फार जातं, आठ-आठ दिवस थांबत नाही. गावच्या डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन शहरातल्या एका हॉस्पिटलात पाठवलं. तिथे सोनोग्राफी झाली. मॅडम म्हणाल्या, पिशवीला सूज आहे, गाठ आहे, मुलं झालीच आहेत तर पिशवी काढून टाका, ठेवली तर पुढे कॅन्सर होईल. सगळं मिळून पंचेचाळीस हजार सांगितलेत. पाच हजार ॲडव्हान्स भरलाय, पुढच्या सोमवारची तारीख आहे. नवरा आणि सासूबाई म्हणतात, एकदाचं उरकून टाक. पुण्याचा भाऊ म्हणतो, तिथे नको, इकडे मोठ्या हॉस्पिटलात ये, गूगलवर चांगले स्टार आहेत. आमच्यासारख्यांना कसं कळायचं कुठलं हॉस्पिटल चांगलं आणि कुठला डॉक्टर खरं बोलतोय? रिपोर्टचा फोटो सोबत पाठवते." (एक वाचक, सोलापूर जिल्हा)

प्रिय ताई,

आधी सोमवारचं बोलू. तुम्ही जे लिहिलंय आणि रिपोर्टमध्ये जे आहे, त्यात दोन-तीन आठवडे थांबून चालणार नाही असं मला काही दिसत नाही. उद्याच हॉस्पिटलला फोन करा आणि सांगा, "आम्हाला अजून विचार करायचाय, तारीख पुढे ढकला." एवढं पुरे. भांडायचं नाही, कारणं देत बसायचं नाही.

मात्र तासाला एक पॅड भिजायला लागलं, रक्ताच्या मोठ्या गाठी पडल्या, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, चार पावलं चालून धाप लागली किंवा ताप येऊन ओटीपोटात दुखायला लागलं, तर त्याच दिवशी जवळच्या सरकारी दवाखान्यात जा, गरज पडली तर १०८ ला फोन करा. संबंधानंतर रक्त जात असेल किंवा दोन पाळ्यांच्या मध्ये जात असेल, तर तेही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा, लाजू नका. अशा वेळी तपासणी आठवड्याभरात झाली पाहिजे.

आता रिपोर्ट. त्यात चार गोष्टी लिहिल्या आहेत. "बल्की युटरस" म्हणजे पिशवी थोडी मोठी. दोन बाळंतपणं झालेल्या कितीतरी बायकांच्या सोनोग्राफीत हे लिहून येतं. त्यालाच पुढे "सूज" म्हणतात आणि ऐकणारीच्या पोटात गोळा येतो. "नॅबोथियन सिस्ट" म्हणजे पिशवीच्या तोंडाशी असलेले पाण्याचे बारीक फोड. ते निरुपद्रवी असतात, त्यांना बहुतेक वेळा काही करावं लागत नाही. "इंट्राम्युरल फायब्रॉइड, २.८ बाय २.५ सेंटिमीटर" ही तुमची गाठ, म्हणजे पिशवीच्या भिंतीत वाढलेली स्नायूची साधी गाठ. फायब्रॉइड या वयात खूप बायकांना असतात, अनेकींना पत्ताही नसतो, आणि पाळी कायमची गेल्यावर ते सहसा आक्रसतात. त्यांचा कॅन्सर होणं अतिशय दुर्मीळ आहे. चौथी ओळ आहे "दोन्ही अंडाशय नॉर्मल". ही ओळ लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

म्हणजे "ठेवली तर कॅन्सर होईल" हे वाक्य या रिपोर्टवरून म्हणता येत नाही. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर ही वेगळी गोष्ट. त्याची भीती असेल तर त्यासाठी वेगळी तपासणी असते, पॅप स्मिअर (पिशवीच्या तोंडावरच्या पेशी घेऊन तपासणं) किंवा एचपीव्ही (हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची तपासणी). तिशीनंतरच्या बायकांची या कॅन्सरसाठीची प्राथमिक तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांच्या कार्यक्रमातही आहे. भीती खरी असती, तर मॅडमनी आधी ती तपासणी करायला सांगितलं असतं.

सगळ्यात खटकलं ते हे की तुमच्या कागदांत हिमोग्लोबिनचा रिपोर्टच नाही. दीड वर्ष अंगावरून जातंय, आणि अंगात रक्त किती उरलंय हे कुणी पाहिलं नाही. थायरॉइडची तपासणी नाही. (थायरॉइड कमी काम करत असेल तरी पाळीत जास्त जातं, आणि त्याला एक गोळी पुरते.) पॅप स्मिअर नाही. आधी एखादं औषध दिल्याची चिठ्ठी नाही. सोनोग्राफी झाली आणि थेट ऑपरेशनची तारीख. तुम्ही विचारलंत ना, चांगला डॉक्टर कसा ओळखायचा? मी पहिल्यांदा इथे बघते. तो कोणत्या क्रमाने चालतो? आधी कारण शोधतो, मग साधे उपाय करून बघतो, आणि चाकू सगळ्यात शेवटी हातात घेतो. हा क्रम तुमच्या केसपेपरवर लिहिलेला असतो. तो वाचायला डॉक्टर असावं लागत नाही.

साधे उपाय म्हणजे कोणते, तेही सांगते. म्हणजे दुसऱ्या डॉक्टरांसमोर बसल्यावर विषय नवा वाटणार नाही. पाळीच्या दिवसांत रक्त कमी जावं म्हणून गोळ्या असतात, ट्रानेक्झॅमिक ॲसिड त्यातली एक. हार्मोनच्या गोळ्या असतात. तांबी बसवतात तशीच, पण हार्मोन सोडणारी एक वस्तू पिशवीत बसवता येते. ती काही वर्षं चालते आणि अनेकींची पाळी तिने खूपच हलकी होते. लोहाच्या गोळ्या किंवा इंजेक्शनने रक्त भरून काढता येतं. गाठच त्रास देत असेल तर काही वेळा पिशवी ठेवून फक्त गाठ काढता येते. यातलं तुम्हाला काय लागू पडेल हे तपासल्याशिवाय मी सांगणार नाही, आणि फोटोवरून कुणी सांगत असेल तर त्यावरही विश्वास ठेवू नका. पण यातलं एकही तुमच्यासमोर ठेवलं गेलं नाही, हे बरोबर झालं नाही.

मी इतकं ठासून का लिहितेय? कारण आपल्या राज्याने हे आधी भोगलंय. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण बाहेर आलं. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. सहा-सातजणींत एक! त्यातल्या कितीतरी तुमच्याच वयाच्या किंवा तुमच्याहून लहान होत्या, आणि त्यांनाही हेच कॅन्सरचं भय घातलेलं होतं. पुढे २०२२ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने अनावश्यक पिशवी काढणं रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना त्या लागू करायला सांगितलं. तेव्हा तुमच्या मनात आलेली शंका ही अडाण्याची शंका नाही. तीच शंका घेऊन लोक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते.

आता दुसरं मत. हे घेणं तुमचा हक्क आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये रुग्ण हक्कांची सनद तयार केली, तिच्यात दुसरं मत घेण्याचा हक्क आहे. औषधं कुठल्या मेडिकलमधून घ्यायची आणि तपासण्या कुठे करायच्या, हे ठरवण्याचा हक्कही आहे. पण दुसरं मत कुणाकडे घ्यायचं, इथे लोक चुकतात. ज्या गावच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, त्यांनाच "आणखी कुणी सुचवा" असं विचारू नका. ते वाईट आहेत असं मी म्हणत नाही, मी त्यांना ओळखत नाही. पण पेशंट पाठवला की वाटा मिळतो, हा कट प्रॅक्टिसचा प्रकार आपल्याकडे आहे, आणि वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांत त्याला मनाई आहे. राज्यात २०१७ मध्ये त्याविरुद्ध कायद्याचा मसुदाही झाला होता, माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या समितीने केलेला. म्हणून दुसरं मत असं हवं, की ज्याला तुमचं ऑपरेशन झालं काय आणि न झालं काय, खिशात काही फरक पडत नाही.

तुमच्यासाठी अशी जागा म्हणजे सोलापूरचं सिव्हिल, छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय. ते सरकारी मेडिकल कॉलेजला जोडलेलं आहे, तिथे स्त्रीरोगाचे प्राध्यापक ओपीडीत बसतात आणि त्यांचा पगार ऑपरेशनांच्या संख्येवर ठरत नाही. गर्दी असते, बाकड्यावर बसायलाही जागा मिळत नाही, कुणी गोड बोलत नाही. हे सगळं खरं आहे. तरीही या एका प्रश्नाचं उत्तर मी तिथेच घेईन. सकाळी लवकर केसपेपर काढा. सोनोग्राफीची फिल्म आणि रिपोर्ट, जुन्या चिठ्ठ्या, कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड, सगळं न्या. आत गेल्यावर "मला पिशवी काढायला सांगितलीय" इथून सुरुवात करू नका. "मला पाळीत आठ दिवस जातं, दिवसाला इतके पॅड लागतात, दीड वर्ष झालं" असं सांगा आणि त्यांना त्यांचं मत बनवू द्या. शेवटी विचारा, की ऑपरेशन करायला हवं का, आणि नाही केलं तर काय होईल. "नाही केलं तर काय होईल" हा प्रश्न सोडू नका. नीट उत्तर देणारा डॉक्टर त्यावर थांबतो, विचार करतो, तुमच्याकडे बघून बोलतो. "मग तुमची जबाबदारी" एवढंच उत्तर आलं तर तिथून उठायला हरकत नाही.

भावाचं म्हणणंही बघू. मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन चांगलं होईलही, पण ते करायचं की नाही हा प्रश्न काचेची इमारत सोडवत नाही. गूगलच्या स्टारांवरून पार्किंग, रिसेप्शन, थांबावं किती लागलं एवढं कळतं. टाके पिकले का, हे तिथे कळत नाही. "एनएबीएच" ही पाटी बघा. भारतीय गुणवत्ता परिषदेच्या मंडळाची ती मान्यता आहे, आणि ती असेल तर निदान कामाची पद्धत कुणीतरी बाहेरून तपासलेली असते. एवढाच तिचा उपयोग.

दुसऱ्या मतानंतरही ऑपरेशन लागतंय असं ठरलं, तर मग हॉस्पिटल निवडायची वेळ येते. पहिल्यांदा डॉक्टरांची डिग्री बघा. स्त्रीरोगातली एमडी, एमएस, डीएनबी किंवा डीजीओ हवी, आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावलेला आणि चिठ्ठीवर छापलेला हवा. तो क्रमांक खरा आहे का, हे भाऊ पुण्यात बसून इंटरनेटवर बघू शकेल.

मग डॉक्टरांना विचारा, "डॉक्टर, राग मानू नका, पण ऑपरेशन तुम्ही स्वतः करणार ना? असं ऑपरेशन तुम्ही महिन्याला साधारण किती करता? भूल कोण देणार, आणि मी पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत ते थांबणार का? रक्त लागलं तर कुठल्या रक्तपेढीतून येईल? काही बिघडलं तर मला कुठे हलवणार?" लहान गावांत भूलतज्ज्ञ बाहेरून येतात. त्यात गैर काही नाही, पण शेवटचा टाका पडला आणि ते गाडीत बसून पुढच्या हॉस्पिटलला निघाले, असं व्हायला नको.

आणि रात्रीचं विचारा. मला वाटतं कुठल्याही लहान हॉस्पिटलची खरी परीक्षा रात्री दोनला होते. ऑपरेशनच्या दिवशी सगळे हजर असतात. रात्री नाडी वाढली, रक्तदाब उतरला, पोट फुगलं, तर वॉर्डात कोण आहे? कोणत्या शिक्षणाचा डॉक्टर? मोठे डॉक्टर किती मिनिटांत येतात? सिस्टर प्रशिक्षित आहेत, की इथेच बघून बघून शिकलेल्या? हे डॉक्टरांना विचाराच, पण त्याआधी एकदा संध्याकाळी आठनंतर, पेशंटला भेटायला आल्यासारखं, वॉर्डात चक्कर मारा. जे नातेवाईक कॉटजवळ बसलेत त्यांना विचारा, रात्री हाक मारली की कोण येतं. ते सांगतात, अगदी तपशिलात सांगतात. तिथेच उभं राहून सिस्टरचे हात बघा. एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जाताना ती हात धुते का, किंवा बाटलीतलं जंतुनाशक द्रव लावते का. सुई नव्या पाकिटातून पेशंटसमोर काढते का. वापरलेली सुई टाकायला वेगळा डबा आहे, की सगळं एकाच बादलीत. टाके पिकतील की नाही, हे फरशी किती चकचकीत आहे त्यापेक्षा या गोष्टींवर जास्त ठरतं.

अजून दोन प्रश्न खास या ऑपरेशनचे. पहिला अंडाशयांचा. रिपोर्टमधली चौथी ओळ आठवा. अंडाशय नॉर्मल असतील तर ३७ व्या वर्षी ते का काढायचे, हे डॉक्टरांनी तुम्हाला पटवून द्यायला हवं. "पोट उघडलंच आहे तर काढून टाकू" हे कारण होत नाही. अंडाशय गेले की पाळी जायच्या वयाचे सगळे त्रास एकदम येतात, हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. दुसरा प्रश्न, काढलेली पिशवी तपासायला पॅथॉलॉजीकडे पाठवणार का आणि तो रिपोर्ट मला मिळणार का. ज्या हॉस्पिटलात हा प्रश्न ऐकून कुणाच्या कपाळावर आठी पडत नाही, ते हॉस्पिटल मला आवडतं.

संमतीपत्रावर कोऱ्या जागा असताना सही करू नका. मराठीत वाचून दाखवा म्हणा. त्यावर कोणतं ऑपरेशन, अंडाशय ठेवणार की काढणार, हे लिहिलेलं हवं. सही तुमची. नवऱ्याची किंवा सासूबाईंची सही तुमच्या सहीची जागा घेत नाही. २००८ मध्ये समीरा कोहली यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलंय. त्या दुर्बिणीतून तपासणीसाठी भूल घेऊन झोपल्या होत्या, बाहेर त्यांच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं गेलं. न्यायालयाने सांगितलं, की पेशंट सज्ञान आहे, जीव वाचवायची तातडी नव्हती, तर तिच्या स्वतःच्या संमतीशिवाय हे चालणार नाही.

पैशांचं थोडक्यात. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीचे नियम २०२१ मध्ये बदलले, तेव्हापासून हॉस्पिटलने दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे. "सगळं मिळून पंचेचाळीस" हे तोंडी न ठेवता कागदावर घ्या. त्यात औषधं, भूल, रक्त, तपासण्या धरल्यात का आणि दोन दिवस जास्त राहावं लागलं तर किती, हे लिहून घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमच्यासाठी काय बसतं ते १५५३८८ वर विचारा, किंवा योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राच्या टेबलावर रेशनकार्ड घेऊन जा. पुण्यालाच जायचं ठरलं आणि ते हॉस्पिटल धर्मादाय असेल, तर उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांसाठी तिथे १० टक्के खाटा मोफत आणि १० टक्के सवलतीत ठेवलेल्या असतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा, ऐन वेळी धावपळ होते.

ॲडव्हान्सची पावती असेल तर ती घेऊन पैसे परत मागा. सोनोग्राफीचे पैसे त्यात धरलेले असतील तर तेवढे कापून उरलेले. रिपोर्ट आणि केसपेपरची प्रतही मागा. लेखी मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्यायच्या, असा डॉक्टरांना नियम आहे. पैसे देत नसतील तर जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी तक्रार करता येते. आणि समजा बुडाले पाच हजार, तर तुमच्या घरात ती रक्कम लहान नाही हे मला कळतं. तरी पाच हजार भरलेत म्हणून पिशवी काढायची, हा हिशेब कुणी मांडू नये.

राहिले नवरा आणि सासूबाई. त्यांच्यावर रागावू नका. त्यांनी कॅन्सर हा शब्द ऐकलाय आणि महिन्यातले आठ दिवस तुम्ही कशाबशा उभ्या राहता हे ते बघतायत, त्यामुळे त्यांना सुटका हवीय. घरी वाद घालण्यापेक्षा नवऱ्याला सोबत ओपीडीत घेऊन जा आणि तिथे कॅन्सरचा प्रश्न त्यांनाच विचारू द्या. डॉक्टरांच्या तोंडून उत्तर ऐकलं की घरी जाऊन ते स्वतःच सांगतील, तुम्हाला पटवत बसावं लागणार नाही.

औषधं सुरू झाली तर पाळीची तारीख, किती दिवस गेलं आणि रोज किती पॅड लागले, हे मुलांच्या एखाद्या जुन्या वहीत लिहीत जा. एखाद्या महिन्यात जरा बरं वाटलं म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका. तीन महिन्यांनी फरक पडला नसेल तर ती वही घेऊन त्याच डॉक्टरांकडे परत जा. नवीन डॉक्टर धरू नका, कारण पहिलं औषध लागू पडलं नाही हे ज्यांना माहीत आहे, तेच पुढचं पाऊल नीट ठरवू शकतात.